रेंज फुल, नेट गुल: सीमेलगतच्या रोमिंगचं एक प्रकरण

एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघं कामासाठी परदेशात, मुक्काम दोन देशांच्या सीमेला अगदी खेटून. सिम एकाच कंपनीचं, निघताना घेतलेला रोमिंग पॅकही तोच, खोल्या शेजारीशेजारी. तरी दोघांच्या फोनची दुखणी पार वेगळी. ताईच्या फोनला रेंज फुल, पण नेट नाही. भावाच्या फोनला नेट सुसाट, पण त्याला कोणाचाच कॉल लागत नाही, लावणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं आणि बँकेचा ओटीपी तर येतच नाही.

माझ्याकडे हे आलं तोवर दोघांना सल्ले भरपूर मिळालेले. एकाने सांगितलं एपीएन (फोनने नेटसाठी कुठल्या दारातून जायचं ती सेटिंग) बदल, दुसऱ्याने सांगितलं नेटवर्क सेटिंग रिसेट मार, तिसऱ्याने सांगितलं तिथल्याच नेटवर्कचं एपीएन टाक, मग चालेल. त्यातला एकही सल्ला इथे लागू नव्हता, आणि शेवटचा तर सरळ चूक, कारण रोमिंगमध्ये डेटाचं जोडणं तुमच्या मूळ कंपनीकडूनच होतं, तिथल्या टॉवरवरून बोगदा काढल्यासारखा डेटा आधी तुमच्या देशात जातो आणि मग इंटरनेटवर. म्हणून एपीएन घरचंच राहतं, म्हणूनच वेबसाइटला तुम्ही घरीच आहात असं वाटतं, आणि म्हणूनच फुल रेंज असूनही पान उघडायला जरा जास्त वेळ लागतो. हे एकदा कळलं की एपीएनशी खेळ करायचा मोह निम्मा कमी होतो.

मी दोघांकडे हॉटेलच्या वायफायवरून दोनच स्क्रीनशॉट मागितले, एक नेटवर्क निवडायच्या यादीचा आणि एक सिम स्टेटसचा, म्हणजे फोन कुठल्या नेटवर्कवर आहे आणि रेंज किती हे दाखवणाऱ्या पानाचा. रोमिंगची तक्रार कोणाचीही असो, या दोन चित्रांत बहुतेक उत्तर सापडतं, बाकी 'नेट चालत नाही' या वाक्यावरून कोणाला काही कळत नाही.

ताईच्या यादीत चार नावं होती. त्या देशातली दोन नेटवर्क, त्यांना आपण 'क' आणि 'ख' म्हणू, शेजारच्या देशाचं एक, त्याला 'ग' म्हणू, आणि चौथ्या ओळीत नावच नाही, नुसते पाच आकडे. असे आकडे दिसले की लोक घाबरतात, हॅक झालं की काय वगैरे. तसं काही नसतं. जगातल्या प्रत्येक मोबाईल नेटवर्कला एक कोड असतो, पहिले तीन आकडे देशाचे आणि पुढचे दोन किंवा तीन त्या नेटवर्कचे, फोनला त्या कोडचं नाव माहीत नसलं की तो कोडच दाखवतो. देशाच्या कोडचा पहिला आकडा भूभाग सांगतो, २ म्हणजे युरोप, ३ म्हणजे उत्तर अमेरिका आणि कॅरिबियन, ४ म्हणजे आशिया, ६ म्हणजे आफ्रिका, ७ म्हणजे दक्षिण आणि मध्य अमेरिका. सीमेजवळ असाल तर हे पहिले तीन आकडे बघायची सवय फार कामाची. ताईच्या यादीतल्या चौथ्या ओळीचे पहिले तीन आकडे शेजारच्या देशाचे होते, म्हणजे तेही 'ग'चंच भावंड. ते बाजूला ठेवलं.

आता खरी गंमत. ताईचा फोन 'क'वर होता, फुल रेंज. 'ख'च्या पुढे लिहिलं होतं 'निषिद्ध'. आणि पॅकच्या माहितीत बारीक अक्षरात लिहिलेलं की त्या देशात डेटा फक्त 'ख'वर. मग ताई 'क'वर पोचलीच कशी, आणि जिथे जायला हवं तेच निषिद्ध का?

तिला विचारलं, उतरल्यावर नेमकं काय काय झालं ते क्रमाने सांग. तिने सांगितलं ते असं.

"अरे, उतरल्या उतरल्या फोन चालू केला तर नो सर्व्हिस. पॅक घेतला होता पण रोमिंग सुरू झाल्याचा मेसेज नव्हता आलेला. बऱ्याच वेळाने वायफायवर मेल बघितला, चालू झालंय म्हणून. मग मी यादीतून सगळ्यात जास्त रेंजवालं निवडलं. दोनतीनदा 'आत्ता कनेक्ट होऊ शकत नाही' आलं, पण मी सोडलं नाही, परत परत दाबत राहिले, शेवटी लागलं."

या उत्तरात सगळं आहे. पहिली गोष्ट, फोन चालू केला तेव्हा तिच्या सिमवर रोमिंग सुरूच नव्हतं. फोनने तिथली नेटवर्क एकेक करून विचारली, प्रत्येकाने तिच्या मूळ कंपनीला विचारलं, कंपनी म्हणाली हिला परवानगी नाही, आणि नेटवर्कने 'तुला इथे प्रवेश नाही' असं उत्तर दिलं. हे विशिष्ट उत्तर आलं की फोन त्या नेटवर्कचं नाव सिममधल्या निषिद्ध यादीत लिहून ठेवतो. लक्षात घ्या, ही यादी सिममध्ये असते, कमीत कमी चार नावांची जागा असते, आणि फोन बंद करून चालू केला तरी ती पुसली जात नाही. ताईने आधी सिम काढून भावाच्या फोनमध्ये टाकून बघितलं होतं, तिथेही तेच झालं म्हणून सिम खराब आहे असा निष्कर्ष निघाला होता. सिम धडधाकट होतं, फक्त ती यादी सिमबरोबर भावाच्या फोनमध्ये गेली होती.

दुसरी गोष्ट, ऑटोमॅटिकवर असलेला फोन निषिद्ध यादीतल्या नेटवर्ककडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे रोमिंग सुरू झाल्यावरसुद्धा तो 'ख'ला परत विचारायला जाणार नव्हता. त्यातून सुटायचा सरळ मार्ग एकच, हाताने ते नेटवर्क निवडायचं. हाताने निवडलेलं मात्र फोन विचारतो, आणि एकदा नोंदणी झाली की त्याचं नाव यादीतून आपोआप निघतं. ताईने हाताने निवडलं खरं, पण 'ख' नाही, 'क'. काड्या जास्त होत्या ना.

आणि तिसरी गोष्ट, ते 'दोनतीनदा नाही म्हणालं, मग लागलं'. याला स्टीअरिंग म्हणतात. प्रत्येक कंपनीचे परदेशातल्या नेटवर्कशी करार असतात, कोणाशी स्वस्त, कोणाशी महाग, तर तुमचा फोन महागड्या नेटवर्कवर चढायला लागला की मूळ कंपनी पहिले काही प्रयत्न मुद्दाम नाकारते, म्हणजे वैतागून फोन दुसरीकडे जाईल. पण ग्राहक अगदीच बिनसेवेचा राहू नये म्हणून चिकाटीने तेच मागत राहिलं तर बहुतेक वेळा शेवटी सोडतात. म्हणजे तिची स्वतःची कंपनी तिला 'क'वरून ढकलत होती, 'ख'कडे जा म्हणत होती, आणि ताईने कंपनीला हरवलं. जिंकली, पण चुकीची लढाई.

'क'वर कॉल आणि मेसेज चालत होते, डेटा पॅकमध्ये नसल्याने बंद. फोनवरच्या काड्या फक्त टॉवर किती जोरात ऐकू येतोय एवढंच सांगतात, तो टॉवर तुम्हाला नेट देणार की नाही हे काड्यांवरून कळत नाही. उपाय सोपा होता, यादी उघड, 'निषिद्ध' लिहिलेलं असलं तरी 'ख' निवड, मिनिटभर थांब, मध्येच दुसरं काही दाबू नकोस. तिने निवडलं, लागलं, नेट आलं. एक काडी कमी दिसते म्हणून ती आधी जरा नाराज होती, मग व्हिडिओ कॉल लागला तशी नाराजी गेली.

आता भाऊ. हा आधीपासून 'ख'वर होता, कारण त्याने फोन हॉटेलवर पोचल्यावरच चालू केला, तोवर रोमिंग सुरू झालेलं, सिममधली निषिद्ध यादी कोरी, फोन ऑटोमॅटिकवर, सगळं सुरळीत. मग कॉल का येत नाहीत?

त्याला विचारलं, नेटवर्क मोड काय ठेवलायस. तर गडी म्हणतो, "दादा, मी तो *#*#४६३६#*#* वाला मेन्यू उघडून फक्त एलटीई, म्हणजे फक्त ४जी, करून ठेवलंय, घरीही तसंच ठेवतो, नेट मस्त पळतं." घरी चालत असेल, शंका नाही. घरी त्याच्या कंपनीचं व्होल्टे चालू असतं, म्हणजे कॉलसुद्धा ४जीवरूनच जातो, त्यामुळे फक्त ४जी ठेवलं तरी काही अडत नाही. रोमिंगमध्ये व्होल्टे चालायला दोन कंपन्यांमध्ये त्यासाठी वेगळा करार लागतो, शिवाय फोनच्या मॉडेललाही ते जमायला लागतं. डेटाचा करार आहे म्हणून व्होल्टेचाही असेल असं अजिबात नाही. करार नसेल तर कॉल आला की फोनला ४जी सोडून खाली ३जी किंवा २जीवर उतरावं लागतं, कॉल घ्यायचा आणि परत वर यायचं. भावाने खाली उतरायचा जिनाच काढून टाकला होता. कॉल येणार कुठून, आणि अशा अवस्थेत मेसेजसुद्धा लटकतात.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण ही भानगड दरवर्षी वाढत चाललीय. जुनी नेटवर्क बंद होतायत आणि प्रत्येक देशात वेगळ्या क्रमाने. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये बंद झालं पण २जी चालू ठेवलं. म्हणजे जर्मनीसारख्या ठिकाणी व्होल्टे रोमिंग नसेल तर तुमचा कॉल २जीवर येणार, आणि नेमकं २जी काही फोनमध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद करता येतं, अँड्रॉइड १२ पासून तसं बटणच आलंय. फसव्या टॉवरपासून संरक्षण म्हणून ते बंद ठेवणं घरी शहाणपणाचं आहे, पण रोमिंगला जाताना त्या देशात कुठलं जुनं नेटवर्क शिल्लक आहे ते बघून मग ठरवायचं. 'फास्ट तेवढं ठेवतो, स्लो कशाला' हा हिशोब रोमिंगमध्ये चालत नाही. २जीवर बोलत असताना नेट बंद पडतं, ते पडू दे, कॉल झाला की येतं परत.

भावाला म्हटलं, मोड परत नेहमीचा कर, ५जी, ४जी, ३जी, २जी सगळं चालू असलेला. त्याने केला आणि मिनिटभरात फोन वाजायला लागला, मेसेजवर मेसेज. ओटीपी तीन, तिन्ही मुदत संपलेले. कोणाकोणाचे कॉल येऊन गेले त्याचे मेसेज. आणि त्या गर्दीत एक मेसेज असा, की शेजारच्या देशात आपलं स्वागत आहे, इथले दर अमुक.

"दादा, मी तर खोलीतून हललोसुद्धा नाहीये."

हा खरा मुद्दा होता आणि तो ओटीपीच्या तक्रारीखाली दडून बसला होता. सिम स्टेटसचा आधीचा स्क्रीनशॉट परत बघितला तर तो आदल्या दिवशीचा, तेव्हा 'ख' होतं. आता 'ग'. मधल्या रात्री फोन देश बदलून मोकळा झाला होता, डेटा रोमिंग चालू होतं, आणि फोटोंचा बॅकअपही.

हे कसं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण 'ऑटोमॅटिक' म्हटलं की लोकांना वाटतं फोन आपल्यासाठी सगळ्यात चांगलं शोधतो. तसं नाहीये. फोन एका ठरलेल्या क्रमाने जातो, हा क्रम जगभरच्या फोनना लागू असलेल्या मानकात लिहिलेला आहे. चालू झाल्यावर आधी बघणार शेवटी ज्या नेटवर्कवर होतो ते मिळतंय का. नाहीतर घरचं नेटवर्क. ते नसेल तर सिममध्ये ग्राहकाने लिहिलेली पसंतीची यादी, जी बहुतेकांची रिकामीच असते. मग सिममध्ये कंपनीने लिहिलेली यादी, आणि खरा खेळ इथे होतो, कारण तिचा क्रम करारांवरून ठरतो. तेही नसेल तर ज्यांची रेंज एका पातळीच्या वर आहे त्यांच्यातलं कुठलंही, अक्षरशः कुठलंही, चिठ्ठी टाकल्यासारखं. ही पातळी ४जीला उणे ११० डीबीएम (रेंज मोजायचं एकक) आणि २जीला उणे ८५ डीबीएम. त्याहून कमजोर असलेली नेटवर्क सगळ्यात शेवटी, रेंजच्या उतरत्या क्रमाने. या सगळ्या क्रमात तुमचा पॅक कुठेच नाही. पॅक हा बिलिंगचा विषय, फोनला त्याचा पत्ताच नसतो.

भावाच्या खोलीत पलंगाजवळ 'ख' उणे ११६ च्या आसपास, खिडकीत उणे १०४. हे आकडे सिम स्टेटसमध्ये दिसतात, उणे चिन्ह असल्याने शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. रात्री फोन पलंगाच्या आतल्या बाजूला चार्जिंगला, 'ख' गेलं, फोनने नवीन शोध घेतला, पलीकडच्या डोंगरावरचा 'ग' चांगला ऐकू आला, तिकडे गेला. इथवर ठीक. पण मग सकाळी खिडकीत उभा राहिल्यावर परत 'ख'वर का नाही आला?

कारण परत यायची सोय एका देशापुरतीच आहे. परक्या नेटवर्कवर असलेला फोन अधूनमधून जास्त पसंतीचं काही मिळतंय का ते शोधतो, किती वेळाने ते सिममध्ये लिहिलेलं असतं, सहा मिनिटांपासून आठ तासांपर्यंत काहीही, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर तासाने. पण हा शोध फोन रिकामा, म्हणजे कॉल किंवा डेटा चालू नसतानाच होतो आणि आत्ता ज्या देशाच्या नेटवर्कवर आहे त्याच देशातल्या नेटवर्कपुरता होतो. म्हणजे फोन एकदा 'ग'वर गेला की त्याच्या दृष्टीने तो शेजारच्या देशात, आणि तो 'ग'च्या देशातलंच दुसरं काहीतरी शोधत राहणार. 'ख' कितीही पसंतीचं असो, 'ग'ची रेंज पूर्ण जाईपर्यंत तो ढिम्म हलणार नाही. सीमेवरच्या बिलांची निम्मी रडारड या एका नियमातून येते असं माझं मत आहे, आणि ग्राहकाला हे कोणी सांगत नाही.

भावाने लगेच फ्लाइट मोड चालू-बंद केला. परत 'ग'. परत केला, परत 'ग'. अर्थात, फोन उठल्यावर आधी शेवटचं नेटवर्कच शोधतो आणि शेवटचं 'ग'च होतं. फ्लाइट मोड हा बऱ्याच दुखण्यांवर उपाय आहे, यावर नाही. इथे ऑटोमॅटिक बंद करून हाताने 'ख' निवडणं हाच मार्ग. यादी शोधायला फोन एखाद मिनिट घेतो, तेवढ्यात नेट बंद राहतं, घाबरायचं नाही. एक मात्र आधी करायचं, डेटा रोमिंगचं बटण बंद, आणि 'ख' लागल्याची खात्री झाली की मगच चालू. त्या मधल्या मिनिटभरात 'ग'वर साठलेला बॅकअप सुटायला नको.

हाताने निवडायची एक किंमत असते आणि ती दोघांना आधीच सांगितली. मॅन्युअलवर असलेला फोन निवडलेलं नेटवर्क गेलं तर दुसरीकडे जात नाही, नो सर्व्हिस दाखवून बसतो. म्हणजे पलंगाच्या कोपऱ्यात भावाचा फोन मुका होणार. इमर्जन्सी कॉल तेवढा कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून जाऊ शकतो, ११२ लागतो, बाकी काही नाही. त्यामुळे कोणाला काय हवंय हे ठरवल्याशिवाय सेटिंग ठरवता येत नाही. ताईचं म्हणणं, मला कॉल आणि ओटीपी चुकता कामा नये, नेट हॉटेलच्या वायफायवर भागतं. भावाचं उलटं, त्याला दिवसभर बाहेर लॅपटॉपला हॉटस्पॉट द्यायचा होता, कॉल दोनचार.

ताईचं असं ठरलं: हाताने 'ख', डेटा रोमिंग फक्त बाहेर पडताना चालू, खोलीत वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून नेहमीच्याच नंबरचे कॉल. वायफाय कॉलिंग सगळ्या कंपन्या परदेशातून चालू देत नाहीत, आणि देतात त्यातही दर कसा लावतात ते वेगवेगळं, काही घरच्यासारखा लावतात, काही रोमिंगसारखा. तिच्या कंपनीचं चालत होतं आणि दर घरचा होता, ते कस्टमर केअरला लेखी विचारून घेतलं. तोंडी उत्तरावर विसंबायचं नाही, नंतर भांडायला हातात काहीतरी लागतं.

भावाने डेटासाठी ट्रॅव्हल ई-सिम घेतलं, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं प्रवासापुरतं दुसरं सिम, आणि इथे अजून एक घोळ होता होता राहिला. त्याने नियम पाठ केला होता, 'डेटा रोमिंग बंद', आणि दोन्ही सिमवर बंद केलं. ई-सिमला नेट येईना. ट्रॅव्हल ई-सिम हे बऱ्याचदा तिथलं लोकल सिम नसतंच, तिसऱ्याच कुठल्या देशातल्या कंपनीचं असतं आणि तिथे तेही रोमिंगच करत असतं. म्हणून ई-सिमवर डेटा रोमिंग चालू हवं आणि घरच्या सिमवर बंद. बटण प्रत्येक सिमला वेगळं असतं, उघडून दोन्हीकडे बघायचं. शिवाय आयफोनमध्ये 'सेल्युलर डेटा स्विचिंगला परवानगी' असं एक असतं, काही अँड्रॉइडमध्येही तसंच, ते चालू असलं तर एका सिमवर बोलताना डेटा त्या सिमवरून जाऊ शकतो. घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद असेल तर धोका नाही, तरी मी ते बंदच करायला लावलं. एकाच्या भरवशावर दुसरं उघडं कशाला ठेवा.

अजून एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती, कॉल फॉरवर्डिंग. दोघांच्या सिमवर 'उचलला नाही तर' आणि 'पोचला नाही तर' व्हॉइसमेलकडे वळवायचं चालू होतं. घरी निरुपद्रवी. रोमिंगमध्ये फोन चालू आहे, वाजतोय, तुम्ही उचलत नाही, तर काय होतं, कॉल आधी घरच्या देशातून तुमच्यापर्यंत येतो आणि मग तिथून परत घरच्या देशातल्या व्हॉइसमेलकडे जातो, दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्या, आणि दोन्हींचे पैसे तुमच्या माथी येऊ शकतात, न उचललेल्या कॉलचे. गंमत म्हणजे 'सगळेच कॉल वळवा' हे फॉरवर्डिंग यात सापडत नाही, कारण ते घरच्याच नेटवर्कमध्ये वळतं, तुमच्यापर्यंत येतच नाही. तर ##००२# लावलं की सगळी फॉरवर्डिंग एकदम रद्द होतात, हा कोड जीएसएमच्या मानकातलाच असल्याने जवळपास सगळीकडे चालतो. दोघांनी लावला. निघायच्या आधी घरूनच लावलेला बरा.

परतीचा पहिला टप्पा बोटीचा होता, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवलं. समुद्रात मोठ्या बोटींवर स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, उपग्रहावरून चालणारं, त्याचा कोड ९०१ ने सुरू होतो, म्हणजे कुठल्याच देशाचा नाही, आणि ते बहुतेक कुठल्याच देशाच्या पॅकमध्ये धरत नाहीत. किनाऱ्याजवळ ते बंद ठेवतात, खोल समुद्रात चालू होतं, आणि ऑटोमॅटिकवरचा फोन दुसरं काही न मिळाल्याने तिकडे आनंदाने चढतो. विमानातही हाच ९०१. ताई मॅन्युअलवर होती त्यामुळे तिचा फोन नो सर्व्हिस दाखवत गप्प बसला. भावाने फ्लाइट मोड टाकला आणि वरून वायफाय चालू केलं. दोन्ही बरोबर.

घरी उतरल्यावर ताईचा मेसेज आला, विमानतळाच्या वायफायवरून, की इथेही नो सर्व्हिस. साहजिक आहे, फोन अजून 'ख'लाच शोधत होता. ऑटोमॅटिक परत चालू केलं, घरचं नेटवर्क आलं. हे तिला निघतानाच सांगितलं होतं, पण सामानाच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतंय.

भावाचं बिल लगेच कळलं नाही. परदेशातलं नेटवर्क वापराच्या नोंदी मूळ कंपनीला नंतर पाठवतं, त्यामुळे परत आल्यावरही काही दिवस आकडा वाढत राहू शकतो, ॲपमध्ये आज शून्य दिसतंय म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. आला तेव्हा त्यात 'ग'च्या देशाची एकच ओळ होती, रात्रीच्या वेळेची, डेटाची. त्याने तक्रार टाकली, बरोबर हॉटेलची पावती जोडली की मी या देशात राहत होतो, त्या देशात गेलोच नाही, आणि सिम स्टेटसचे दोन्ही स्क्रीनशॉट, आदल्या दिवशीचा 'ख' आणि सकाळचा 'ग'. कंपनीने ती ओळ पूर्ण नाही पण बऱ्यापैकी कमी केली. ताईचं मत झालंय की आता कायम मॅन्युअलच ठेवायचं, कुठेही जा. मी तिला म्हटलं, सीमेजवळ आणि बोटीवर ठेव, बाकी देशाच्या मध्यात फिरताना ऑटोमॅटिकच बरं, नाहीतर घाटात 'ख' गेलं की तासभर बिनफोनाची बसशील. ती म्हणाली, बघू.